शब्दचर्चा: विधवेची 'वाटणी', 'तहहयात' आणि 'उदक सोडणे'

पेशवाईच्या उत्तरार्धात घडणारी एक कथा लिहिते आहे. पुण्याजवळच्या गावातली वृद्ध विधवा, मुलगा नाही, एक लग्न झालेली लेक आणि दोन पुतणे. दिवस भरत आले हे ओळखून ती सगळ्यांना बोलावून घेते. माझं वाक्य असं आहे: 'काकूंनी मृत्युपत्र करून आपल्या इस्टेटीची वाटणी केली, लेकीला वाडा नि दागिने दिले, पुतण्यांना जमीन.' 'इस्टेट' खटकतो, तो काढणारच आहे. बाकीचे शब्द चालतील का? 'मृत्युपत्रा'ला तेव्हा काय म्हणत?

*

ताई, 'इस्टेट'ची सोय लगेच होईल. जुन्या कागदांत 'जिंदगी' किंवा 'जिनगी' हा शब्द मालमत्तेसाठी येतो, 'त्याची जिंदगी जप्त केली' असा. चीजवस्त, वित्तविषय हेही चालतील.

खरी अडचण 'वाटणी'ची आहे. वाटणी ही वाटेकऱ्यांमध्ये होते, म्हणजे ज्यांचा हक्क आधीपासून आहे त्यांच्यात. भाऊ वाटणी मागतात, वाटणी करून घेतात, वेगळे होतात. जो आपलं दुसऱ्याला देतो तो वाटणी करत नाही, तो वाटप करतो. प्रसादाचं वाटप असतं, शेताची वाटणी असते. तुमच्या काकूंना वाटणी मागण्याचा अधिकारच नव्हता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की बापाच्या पश्चात मुलं वाटणी करू लागली तर आईनेही सारखा हिस्सा घ्यावा. म्हणजे तिचा हिस्सा मुलांच्या वाटणीतून निघतो. वाटणीला सुरुवात तिने करायची नाही. तुमच्या काकूंना तर मुलगाही नाही.

'मृत्युपत्र' काढाच. मेल्यानंतर आपल्या इच्छेप्रमाणे मालमत्ता जावी असा लेख करण्याची रीत धर्मशास्त्रात नाही. ती इंग्रजी कायद्याबरोबर इथे रुजली आणि हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी वेगळा कायदा आला तो 1870 साली. पेशवाईतली बाई जे द्यायचं ते हयातीत देई. त्याचा कागद म्हणजे दानपत्र किंवा बक्षीसपत्र.

आता एक विचारतो, कारण सगळं त्यावर ठरतं: काकूंचे यजमान भावांपासून विभक्त होते की एकत्र?

*

काका, हा विचार मी केलाच नव्हता. त्याने कथेत इतका फरक पडेल?

*

सगळी कथाच बदलेल. यजमान एकत्र कुटुंबात वारले असतील तर त्यांचा हिस्सा भावांकडे आणि पुतण्यांकडे राहतो. काकूंच्या वाट्याला 'अन्नवस्त्र' येतं. हा त्या काळच्या कागदांतला नेमका शब्द आहे, 'अन्नवस्त्राची नेमणूक करून दिली' असा. आज आपण पोटगी म्हणतो, पण त्या शब्दात नुसतं पोट आहे. अन्नवस्त्रात अंगावरचं लुगडंही येतं, म्हणून मला तो शब्द जास्त माणुसकीचा वाटतो. या स्थितीत पुतण्यांना जमीन 'देणाऱ्या' काकू कोण? जमीन त्यांचीच आहे.

विभक्त असतील तर उलट. निपुत्रिकाचे वारस सांगताना याज्ञवल्क्यस्मृतीतला क्रम 'पत्नी दुहितरश्चैव' असा सुरू होतो. पहिली बायको, मग मुली. भाऊ नि पुतणे त्याच्याही खाली. तेव्हा वाडा नि जमीन काकूंकडे येते आणि त्यांच्यामागे लेकीकडे जाते. अशा वेळी पुतण्यांना जमीन लिहून देणं म्हणजे लेकीचं काढून देणं. तुमच्या वाक्यात हे सहज होऊन गेलंय, आणि वाचणाऱ्याला तो मोठेपणा वाटेल.

शिवाय काकूंकडे आलेलंही पूर्ण त्यांचं नाही. कात्यायन या स्मृतिकाराचं वचन पाहा: 'भुञ्जीतामरणात् क्षान्ता दायादा ऊर्ध्वमाप्नुयुः'. संयमाने राहून मरेपर्यंत उपभोगावं, पुढे ते दायादांना, म्हणजे वारसांना, मिळावं. त्यातला 'आमरण' आपण आज उपोषणाला लावतो. तोच अर्थ फारसीतून 'तहहयात' होऊन दप्तरात बसला. इनामाच्या सनदेत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असं लिहिलेलं असतं, विधवेच्या नावापुढे 'तहहयात'. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या, दुसऱ्या बाजूला एका बाईचे उरलेले दिवस. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मला फार वाईट वाटतं. कायद्याने ही मर्यादा काढली ती थेट 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने.

*

मग तिचं असं काहीच नव्हतं का?

*

होतं. 'स्त्रीधन'. आज हा शब्द लग्नातल्या दागिन्यांपुरता उरलाय, पण मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार आहेत: लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून आलेलं. माहेरच्या नि जिव्हाळ्याच्या माणसांनी दिलेल्याला 'सौदायिक' म्हणत, आणि ते कुणाला द्यायचं हे ती स्वतः ठरवी. नवऱ्याने प्रेमाने दिलेलंही त्याच्या मागे तिला हवं तसं देता येई, मात्र नारदस्मृतीने तिथे एक शब्द घातला आहे: 'स्थावरादृते', स्थावर सोडून. म्हणजे पाटल्या देता येतात, वाडा नाही. 'स्थावर-जंगम' ही आपल्या रोजच्या बोलण्यातली जोडी विधवेच्या आयुष्यात केवढी मोठी रेघ होती, ते इथे दिसतं.

आणि हे धन तिच्यामागे मुलींकडे जाई, त्यातही आधी लग्न न झालेल्या मुलींकडे. घरात आईकडून लेकीकडे जाणारी ही एक वेगळी वाट होती.

*

यात 'खासगी'ची भर घालते. आज तो शब्द सरकारी नसलेल्या कशालाही लागतो. होळकरांकडे मात्र 'दौलत', म्हणजे राज्याचं उत्पन्न, आणि 'खासगी' अशा दोन वेगळ्या बाजू होत्या. पहिल्या बाजीरावाच्या काळात, 1734 साली, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर झाली. तिचा वसूल दौलतीत मिसळत नसे. गौतमाबाई 1761 साली गेल्या आणि खासगी त्यांच्या विधवा सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे. राघोबादादांनी पैसा मागितला तेव्हा अहिल्याबाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवलं आहे, दान म्हणून हवं तर घ्या, असं उत्तर दिल्याचं सांगतात. 'तुळशीपत्र ठेवणे' म्हणजे हक्क सोडणे, हे आपण अजूनही म्हणतो.

*

फार बरं झालं हे आणलंत. 'पाणी सोडणे'ही तिथलंच. दान देताना हातावरून उदक सोडत, त्या क्षणी वस्तू आपली राहत नसे. आज 'सुट्टीवर पाणी सोडलं' म्हणताना त्यात तोटा ऐकू येतो. मुळात ते देणाऱ्याच्या हातचं पाणी आहे.

ताई, तुमच्या काकू हयातीत देतात, उदक सोडून देतात, आणि त्यांच्याकडे देण्यासारखी पेटी आहे. कागद करायचाच असेल तर त्यात नाव 'अमुकबाई कोम अमुक' असं घाला. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. नवरा गेल्यावरही नावाशी तो राही.

*

एकत्र कुटुंब ठेवते. वाक्य असं केलं आहे, बघा:

'काकूंनी पेटी उघडली. पाटल्या, पुतळ्यांची माळ, नथ. "हे माझ्या आईकडचं," म्हणत त्यांनी लेकीच्या ओंजळीवर पळीभर उदक सोडलं. मग कनवटीच्या किल्ल्या काढून थोरल्या पुतण्यासमोर ठेवल्या. त्यावर पाणी सोडायचं कारण नव्हतं.'

*

'कनवटीला लावलेल्या किल्ल्या' करा. बाकी एक अक्षर हलवू नका.