मदत हवी आहे: शूटिंगच्या रँचचा इतिहास (अर्जंट, शनिवारच्या आत)

पोपटी_शर्ट:
नमस्कार मंडळी. शनिवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. ते 97 साली इकडे आले होते तेव्हा सिनेमांच्या शूटिंगच्या ज्या रँचवर (मोठ्या मोकळ्या जागेवर) गेले होते, तिथेच त्यांना परत न्यायचंय. कार्डावर त्या जागेचा चार ओळी इतिहासही लिहायचाय. माहीत असेल त्यांनी पटकन सांगा. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

उंटावरचा_शहाणा:
कुठलं रँच? आणि "इकडे" म्हणजे कुठे?

पोपटी_शर्ट:
अमेरिकाच की हो. लाकडी दुकानं, काउबॉय वगैरे.

कोपऱ्यावरची_टपरी:
मग स्पाहन रँच, चॅट्सवर्थ. डोळे झिजवू नका. जॉर्ज स्पाहन नावाच्या म्हाताऱ्याचं होतं, त्याला दिसायचं नाही. 1968-69 मध्ये चार्ल्स मॅन्सनची ती खुनी टोळी तिथेच राहत होती. मी या विषयावर बरंच वाचलंय, वेगळा धागा काढू का?

गोदातीर:
टपरीसाहेब, स्पाहनचे सेट 1970 च्या वणव्यात गेले. बाबांनी 97 साली राखेचे फोटो काढले का? आणि वाढदिवसाच्या कार्डावर मॅन्सन? हे कॉरिगनव्हिल असणार, सिमी व्हॅली. रे कॉरिगन या नटाने 1937 मध्ये ती जागा घेतली, 1949 पासून लोकांसाठी खुली केली. 1965 मध्ये विनोदी नट बॉब होपने विकत घेतली.

कोपऱ्यावरची_टपरी:
आणि 1979 मध्ये तेही जळलं. ते नाही सांगितलंत.

पोपटी_शर्ट:
भांडू नका प्लीज, दिवस तीनच उरलेत. फोटोच्या मागे बाबांच्या अक्षरात "कोलोराडो स्प्रिंग्ज, मे 1997" लिहिलंय. पण ते गाव दूर दुसऱ्या राज्यात, आणि तेव्हा बाबा एलएला (लॉस एंजेलिसला) काकाकडे राहत होते, आणि काका त्यांना सकाळी घेऊन गेला तो संध्याकाळी जेवायला घरी. काका आता नाही, त्यामुळे विचारणार कोणाला. बाबा कोलोराडोवर ठाम आहेत.

उंटावरचा_शहाणा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

मसाला_दूध:
कोलोराडो स्प्रिंग्जला आम्ही जाऊन आलोय. तिथल्या पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर डोनट मिळतात, जरूर खा. पण वडिलांना वर नेताना सांभाळून, 14,115 फूट आहे. माझ्या सासूबाईंना गाडीतच चक्कर आली होती. आल्याच्या वड्या सोबत ठेवा.

देवराई:
फोटोत मागे झाडं कसली आहेत?

पोपटी_शर्ट:
झाडं झाडांसारखी. गोल, गर्द हिरवी. गवत पिवळं पडलंय. मागे एक टोकदार डोंगर. बाबा लाकडी खांबाला टेकून उभे, पायात कोल्हापुरी. झाडांचा काय संबंध?

देवराई:
संबंध आहे. डेरेदार ओक हिरवेगार, आणि मे महिन्यात खाली गवत वाळलेलं, हा दक्षिण कॅलिफोर्नियाचा डोंगरउतार आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्या उलट. मेमध्ये गवत सोनेरी झालेलं असतं. काकांनी बाबांना कोलोराडोला नेलंच नाही.

कानन_रोडवाली:
देवराई बरोबर. हे पॅरामाउंट रँच, एलएजवळच्या अगोरा हिल्समध्ये. टोकदार डोंगर म्हणजे शुगरलोफ पीक. आणि "कोलोराडो स्प्रिंग्ज"चं कोडंही सुटतं: 'डॉ. क्विन, मेडिसिन वुमन' ही मालिका 1993 ते 98 टीव्हीवर होती. तिची गोष्ट कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये घडते, आणि ते गाव उभं केलं होतं इथे. काकांनी गंमत केली असेल नाहीतर खरंच तसं सांगितलं असेल.

इतिहास हवा होता ना, घ्या. जुन्या रांचो लास व्हिर्जेनेस या जहागिरीची 2,700 एकर जमीन पॅरामाउंट या सिनेमा कंपनीने 1927 मध्ये शूटिंगसाठी घेतली. हॉलिवूडहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता यायचं, आणि टेकड्या, ओढा, झाडं आयती. तीसच्या दशकात याच टेकड्या कधी मॅसॅच्युसेट्स झाल्या, कधी चीन, कधी दक्षिण समुद्रातलं बेट. पुढे कंपनीने जागा सोडली. 1953 मध्ये विल्यम हर्ट्झ नावाच्या माणसाने आग्नेयेकडचा तुकडा घेतला आणि कंपनीच्या सामानाच्या जुन्या शेडमधून काउबॉयचं कायमचं गाव रचलं. 1956 मध्ये तिथेच मोटारींच्या शर्यतीचा दोन मैलांचा ट्रॅक झाला, इंग्रजी आठच्या आकाराचा, मध्ये पूल. जीवघेणे अपघात झाले आणि दीड वर्षात बंद पडला. 1980 मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने (सरकारी राष्ट्रीय उद्यान खात्याने) जागा घेतली, मोडकळीला आलेलं गाव सावरलं, मग शूटिंग परत सुरू.

आता वाईट बातमी. 9 नोव्हेंबर 2018 ला वूल्सी वणव्यात ते गाव जळालं. आम्ही तेव्हा घर सोडून नातेवाइकांकडे होतो. त्या वणव्यात 96,949 एकर गेले.

पोपटी_शर्ट:
म्हणजे काहीच नाही उरलं? आता काय करू मी?

कोपऱ्यावरची_टपरी:
मी आधीच म्हणालो होतो, जळलेलं असेल.

गोदातीर:
तुम्ही स्पाहन म्हणाला होतात!

नदीकाठचा:
अवांतर: आमच्या वाईला या. मेणवलीच्या घाटावर इतकी शूटिंगं झाली, घाट जागच्या जागी. दगडाचं बांधकाम आहे, लाकडाचा खोटा गाव नव्हे.

कानन_रोडवाली:
सगळं नाही गेलं. सेटवरचं चर्च आणि रेल्वे स्टेशन वाचलं. पोपटी, बाबा टेकलेत तो खांब कशाचा आहे, दुकानाचा की स्टेशनचा? फोटो नीट बघ ना.

पोपटी_शर्ट:
फोटोत छप्पर अर्धंच आलंय, अंगठा आलाय काकाचा. थांबा, बाबांना विचारतो.

उंटावरचा_शहाणा:
तासाभराने "थांबा" म्हणून गेला तो गेलाच. मुळात तारीख, जागा, फोटो एकाच पोस्टमध्ये असतं तर एवढ्यात पोचले असते.

पोपटी_शर्ट:
आलो. बाबांना शंका येऊ नये म्हणून सहज विचारलं. म्हणाले, "मी फलाटावर उभा होतो. भाऊला म्हटलं, गाडी कितीची आहे? तो एवढा हसला की फोटो हलला." स्टेशन! स्टेशनच आहे!

वणव्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. गाडीतून उतरण्याआधी सांगेन. जायचं कसं?

कानन_रोडवाली:
101 हायवेवरून कानन रोडला उतर, मग कॉर्नेल रोड धर. प्रवेश फुकट आहे. आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर बंद-चालू बघून घे, नाहीतर गेटपाशी पंचाहत्तरी करावी लागेल. सकाळीच जा, सावली कमी आहे. कोल्हापुरी असतील तर सोबत घे.

नदीकाठचा:
वाईचं लक्षात ठेवा.

मसाला_दूध:
मग पाइक्स पीकचं काय ठरलं?