मदत हवी आहे: आणीबाणीत वीज केंद्राच्या धुरावर हुकूम कुणाचा, राज्याचा की फेडरलचा?

ओटावाकरीण

नमस्कार मंडळी. मी पश्चिम मिशिगनमध्ये राहते. टाऊनशिपच्या बैठकीत सामान्य माणसाला तीन मिनिटं बोलायला देतात. त्यासाठी मुद्दे काढायला बसले आणि कायद्यापाशी येऊन गाडी अडली.

लेक मिशिगनच्या काठावर जे. एच. कॅम्पबेल हे कोळशावरचं वीज केंद्र आहे. तीन संच, मिळून साधारण १,४२० मेगावॅट. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०२२ मध्ये मान्य केलेल्या आराखड्यानुसार ते ३१ मे २०२५ ला बंद व्हायचं होतं. केंद्राच्या मालक कंपनीने बदली म्हणून कव्हर्ट गावचं गॅस केंद्रही विकत घेऊन ठेवलं होतं. पण २३ मेला, म्हणजे आठवडाभर आधी, फेडरल ऊर्जा विभागाने 'फेडरल पॉवर अ‍ॅक्ट'च्या कलम २०२ सी खाली आदेश काढला: आणीबाणी आहे, केंद्र चालू ठेवा. मुदत ९० दिवसांची. ती संपत आली की नवा आदेश येतो. ऑगस्टमध्ये आला, नोव्हेंबरमध्येही आला.

मला कळत नाहीये ते हे: असा आदेश असताना राज्याचा हवेचा परवाना (किती धूर सोडायचा त्याची मर्यादा) लागू राहतो की गुंडाळून ठेवतात? मर्यादेबाहेर धूर सोडला तर राज्य दंड करू शकतं का? आणि दाद मागायची ती कुठे? कृपया ट्रम्प-बायडन नको, त्यासाठी दुसरे धागे वाहताहेत.

कलमदान

ताई, परवाना गुंडाळला जात नाही. गैरसमज इथेच होतो.

२०२ सी हे जुनं कलम. युद्ध किंवा विजेची आणीबाणी असेल तर फेडरल सरकार केंद्र चालवायला सांगू शकतं, एवढंच त्यात होतं. प्रदूषणाच्या कायद्याशी टक्कर झाली तर काय, यावर अक्षर नव्हतं. ती टक्कर २००५ मध्ये खरोखर झाली. व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला पोटोमॅक नदीकाठी मिरांट कंपनीचं कोळशाचं केंद्र होतं. सल्फर डायऑक्साइड वगैरेचं प्रमाण आसपासच्या हवेत जास्त होतं म्हणून राज्याने बडगा उगारला आणि कंपनीने ऑगस्टमध्ये पाचही संच बंद केले. नदीपलीकडच्या वॉशिंग्टनच्या वीज आयोगाने लगेच तक्रार केली, कारण राजधानीच्या मध्यभागाचा वीजपुरवठा त्यावर टेकलेला होता. डिसेंबरमध्ये ऊर्जा विभागाने केंद्र चालवायचा आदेश दिला. पुढे हवेची मर्यादा ओलांडली गेली तेव्हा राज्याने दंडही लावला. चालवलं तर राज्याचा दंड, नाही चालवलं तर फेडरल आदेशाचा भंग.

म्हणून २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. आदेश पाळताना फेडरल, राज्य किंवा स्थानिक पर्यावरण नियम मोडला गेला, तर तो भंग धरायचा नाही. म्हणजे तेवढ्यापुरता दंड नाही. पण त्याबरोबर दोन अटी घातल्या: अशी टक्कर संभवत असेल तर आदेश ९० दिवसांपुरताच (वाढवता येतो), आणि शक्य तितका नियमांना धरून, हवेला कमीत कमी त्रास देऊन. कॅम्पबेलच्या आदेशातही मोजमाप, नोंदी, अहवाल यांतून सूट नाही. धुराचे अलाउन्स (ठरावीक प्रदूषण सोडायची परवानगी) विकत घ्यावे लागत असतील तर तेही घ्यायचेच.

ऑस्टिनचा तात्या

आमच्याकडे टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत हेच कलम वापरलं होतं. फरक बघा. ग्रिड चालवणाऱ्या एरकॉटने स्वतः अर्ज केला, १४ तारखेला त्याच दिवशी आदेश आला, १९ ला संपला. सल्फर, नायट्रोजन ऑक्साइड, पारा, कार्बन मोनॉक्साइड, सांडपाणी, सगळ्यांच्या मर्यादा ओलांडायला परवानगी होती, पण ग्रिडच्या आणीबाणीची दुसरी पायरी जाहीर झाल्यावरच. शिवाय प्रदूषणाची मर्यादा ओलांडून केलेली वीज मेगावॅट-तासाला किमान १,५०० डॉलर दरानेच बाजारात मांडायची. म्हणजे बाकी सगळं संपल्यावरच तिचा नंबर लागणार. (त्या आठवड्यात आमच्या घरी बर्फ वितळवून संडासात पाणी ओतत होतो, त्यामुळे तेव्हा धुराची चर्चा कुणी केली नाही.)

जुना संचचालक

अवांतर: आपल्याकडे भारतात २००३ च्या वीज कायद्यात कलम ११ आहे. असाधारण परिस्थितीत सरकार केंद्राला चालवायचे निर्देश देते. मे २०२२ मध्ये आयात कोळशावरच्या केंद्रांना त्याखालीच पूर्ण क्षमतेने चालायला सांगितले होते. त्यात प्रदूषणाच्या नियमांतून सुटका मात्र लिहिलेली नाही.

ओटावाकरीण

कलमदान, म्हणजे राज्याच्या हातात काहीच उरलं नाही का?

कलमदान

उरलंय. आदेश पाळण्यासाठी जे अपरिहार्य नव्हतं, ते उल्लंघन झाकलं जात नाही. सोयीसाठी फिल्टर बंद ठेवला तर त्याला २०२ सीचं पांघरूण मिळू नये, असं माझं वाचन. आणि उलट दिशेचा रस्ताही आहे, फारसा कुणी बघत नाही, हवेच्या प्रदूषणावरच्या फेडरल कायद्यात: क्लीन एअर अ‍ॅक्टचं कलम ११० एफ. तिथे ऊर्जा-आणीबाणी राष्ट्राध्यक्ष ठरवतात, पण राज्याच्या स्वच्छ हवेच्या आराखड्यातला नियम तात्पुरता स्थगित करतो तो गव्हर्नर, तेही जास्तीत जास्त चार महिने.

खरं भांडण धुराचं नाहीच, 'आणीबाणी' या दाव्याचं आहे. टेक्सासमध्ये दिवे गेले होते. मिशिगनमध्ये ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने मागणीच केली नव्हती, राज्य आयोगही गरज नाही म्हणत होता. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल डेना नेसल (म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकील) त्याच मुद्द्यावर वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेल्या. रस्ता असा: आदेशानंतर ३० दिवसांत ऊर्जा विभागाकडे फेरविचाराचा अर्ज, मग कोर्ट. प्रत्येक नव्या आदेशाला हे घड्याळ पुन्हा सुरू होतं, म्हणून तारखा सांभाळा.

बैठकीत कायदा सांगू नका, तीन मिनिटं त्यातच जातील. ईपीएच्या (फेडरल पर्यावरण संस्थेच्या) संकेतस्थळावर प्रत्येक संचाचा तासागणिक सल्फर आणि नायट्रोजनचा आकडा मोफत मिळतो. ३१ मेनंतर केंद्र कोणत्या तासांना पेटलेलं होतं ते काढा, आणि त्या तासांना ग्रिडवर खरंच ताण होता का, ते समोर ठेवा.

ओटावाकरीण

हे डोक्यात आलंच नव्हतं. आज रात्री आकडे उतरवून घेते. एक्सेलमध्ये तासांची छाननी कशी करायची ते कुणी सांगेल का? माझी गाडी बेरजेपुढे जात नाही.