९० सेंमी खाऱ्या पाण्याची टाकी, सॉफ्ट कोरल: कमी खर्चात कोणता लाईट घ्यावा?

निळाई

टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. दगड-वाळूची जागा वजा जाता पाणी साधारण १५० लिटर. लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) मुरले आहेत, अमोनिया आणि नायट्राईट शून्य, नायट्रेट ८ पीपीएम. मासे म्हणजे दोन क्लाऊनफिश. वर सध्या गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीचा ३० वॅटचा ६५०० केल्विन (दिवसासारखा पांढरा) एलईडी पट्टा आहे.

आता झोअँथस, मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप हे सॉफ्ट कोरल आणि पुढे एखादा हॅमर कोरल ठेवायचा आहे. एसपीएस (बारीक पॉलिपचे, दगडी सांगाड्याचे कोरल) या टाकीत ठेवणार नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे रीफ लाईट बजेटबाहेर आहेत. निळ्या-पांढऱ्यासाठी दोन वेगळे नॉब असलेले एलईडी लाईटचे काळे डबे मिळतात, १६५ वॅट लिहिलेले, ते चालतील का? इतक्या लिटरला किती वॅट लागतात? आणि घरी बनवला तर खरंच पैसे वाचतात का?

सागरतळ

लिटरमागे वॅट हा हिशेब ट्यूबच्या काळातला आहे, तो सोडून द्या. वॅट म्हणजे लाईट किती वीज खातो. कोरलवर किती प्रकाश पडतो ते पारमध्ये मोजतात, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. तुमच्या यादीतल्या मश्रूमला ५० ते ७५ पार पुरतो, झोअँथस आणि स्टार पॉलिपला ७५ ते १५०, हॅमरला ८० ते १५०. एसपीएसला २०० ते ३५० लागतो, पण तो तुमच्या यादीतच नाही. म्हणजे वाळूवर ५०-६०, मधल्या दगडांवर १०० च्या आसपास आणि सगळ्यात वरच्या टोकाला १५०, एवढंच गाठायचं आहे.

हे आकडे दोन नॉबच्या डब्यातून आरामात निघतात. महागड्या लाईटमध्ये जास्तीचे पैसे मोबाईल ॲप, सूर्योदय-सूर्यास्त आणि एकेका रंगाचा वेगळा ताबा यांसाठी जातात. सोयी चांगल्या आहेत, पण त्यांच्यावाचून कोरलचं काही अडत नाही.

१६५ वॅटचा अर्थही नीट समजून घ्या. आत ५५ एलईडी असतात, प्रत्येक ३ वॅटचा म्हणून १६५. प्रत्यक्षात प्रत्येकाला साधारण २ वॅट मिळतात आणि दोन्ही नॉब पूर्ण उघडले तरी डबा १०० ते १२० वॅटच ओढतो. यात तोटा नाही, उलट एलईडी थंड राहून जास्त टिकतात.

तुमच्या टाकीत खरी अडचण लांबीची आहे. डबा साधारण ४० सेंमी लांब आणि लेन्स ९० अंशांच्या. पाण्यापासून २५ सेंमी वर टांगला तर दोन्ही बाजूंना २५-२५ सेंमी फाकून प्रकाश पाण्यावर कसाबसा ९० सेंमी भरतो, आणि कडांना फक्त शेवटच्या एलईडींचा तिरपा प्रकाश मिळतो. पाण्यात शिरताना किरण आत वळतात, ४५ अंशांचा किरण सुमारे ३२ अंशांवर येतो, त्यामुळे खाली गेल्यावर फाकणं आणखी कमी होतं. परिणामी मधोमध भरपूर आणि दोन्ही टोकांना अंधूक. यावर दोन उपाय आहेत. एकच डबा ३० सेंमीवर टांगून झोअँथस मध्ये आणि मश्रूम कडांना ठेवायचे. नाहीतर निम्म्या ताकदीचे दोन लहान डबे घ्यायचे. दुसरा उपाय मला जास्त पटतो. दोन बाजूंनी प्रकाश आला की दगडाखालची गडद सावलीही जाते, आणि एक बंद पडला तरी टाकी अंधारात जात नाही.

भरती_ओहोटी

सागरतळ यांच्याशी सहमत, फक्त सध्याचा पट्टा फेकू नका. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात कोरल मरतात हा गैरसमज आहे. पांढरा एलईडी म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळं फॉस्फर. निळा त्यात असतोच. सॉफ्ट कोरल त्याखाली वाढतातही, पण हिरवी-नारिंगी झळाळी दिसत नाही. कारण कोरलमधलं रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवा-नारिंगी बाहेर टाकतं, आणि पांढरा जास्त असला की ते त्यात बुडून जातं. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू मुख्य हवा आणि पांढरा चवीपुरता. निळा डबा आणि पुढच्या कडेला हाच जुना पट्टा रोज चार-पाच तास, अशी जोडी चांगली जमते.

काही डब्यांत पांढऱ्याच्या वायरिंगवरच लाल आणि हिरवे एलईडी असतात. पांढरा नॉब वाढवला की वाळूवर लाल-हिरवे ठिपके नाचायला लागतात. घेण्याआधी एलईडीचा नकाशा बघा, लाल-हिरवे जितके कमी तितकं बरं.

टी५ चा, म्हणजे बारीक ट्यूबलाईटचा पर्याय कुणी सुचवेल. चार ट्यूबचं फिटिंग प्रकाश फार समान पसरवतं, यात शंका नाही. पण ट्यूबचा रंग उतरतो, ९ ते १२ महिन्यांनी चारही बदलाव्या लागतात. आज स्वस्त वाटलं तरी दोन वर्षांत तेवढेच पैसे जातात.

तांब्याची_तार

घरी बनवण्याबद्दल. डाग (सोल्डर) देता येत असेल आणि हीटसिंक (एलईडीची उष्णता शोषून बाहेर टाकणारी धातूची पट्टी) स्वस्तात मिळत असेल तरच पैसे वाचतात. तुमच्या टाकीला ३६ एलईडी पुरे: २४ रॉयल ब्लू, १२ पांढरे. ७५ सेंमी लांब ॲल्युमिनियम हीटसिंकवर दर ६ सेंमीला निळा-पांढरा-निळा अशी तिघांची ओळ, एकूण १२ ओळी. यातला मोठा फायदा हा की टोकापासून टोकापर्यंत प्रकाश सारखा पडतो.

बारा-बाराच्या तीन माळा करा आणि प्रत्येक माळेला स्वतःचा स्थिर करंटचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं यंत्र) द्या. एका एलईडीवर साधारण ३.३ व्होल्ट पडतात, बारांचे ४० च्या आसपास. म्हणून ६०० मिलिअँपिअरचा, ३० ते ४५ व्होल्टचा ड्रायव्हर हवा. एका ड्रायव्हरवर दोन माळा समांतर जोडू नका. एका माळेतला एक डाग सुटला की सगळा करंट दुसऱ्या माळेत जातो आणि तीही जळते. ड्रायव्हर चालू असताना माळ जोडू नका. उघड्या टोकांवर व्होल्टेज चढलेलं असतं, जोडताक्षणी एलईडी जातात. आधी जोडणी, मग स्विच. अर्ध्या तासाने हीटसिंकला हात लावा. पाच सेकंद ठेवता आला नाही तर पंखा लावा किंवा करंट कमी करा.

विकत घ्या किंवा बनवा, पुढच्या गोष्टींत पैसे वाचवू नका. ड्रायव्हर आयसोलेटेड हवा, म्हणजे एलईडीकडची बाजू घरच्या विजेपासून तुटक असलेला. धातूच्या अंगाला अर्थिंग हवं. टाकीच्या सगळ्या प्लगांमागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. आणि वायर प्लगकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली उतरून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं खारं पाणी त्या वळणाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. लाईट दोन स्वतंत्र हुकांना टांगा, एका हुकावर भरवसा ठेवू नका.

निळाई

इतकं सविस्तर सांगितलंत, आभार. दोन लहान डबे आणि जुना पट्टा असं ठरवते. पार मीटर नाही, मोबाईलच्या लक्स ॲपवरून सेटिंग करता येईल का?

सागरतळ

नाही. लक्स मानवी डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि ४५० नॅनोमीटरला डोळ्याची संवेदना कमाल पातळीच्या जेमतेम ४ टक्के असते. निळा डबा भरपूर पार देत असताना ॲप क्षुल्लक आकडा दाखवेल, आणि तुम्ही नॉब वाढवून कोरल भाजाल. एका दिवसापुरता कुणाचा पार मीटर मिळाला तर उत्तम, पण निळा नीट वाचणारा हवा. जुने सेन्सर निळा कमी दाखवतात. ॲपोजीचा एमक्यू-५१० पाण्याखालच्या मापासाठीच आहे.

मीटर नसेल तर असं करा. डबे पाण्यापासून ३० सेंमीवर. निळा ३० टक्के, पांढरा ५ ते १०. नॉबवरचे टक्के प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, काही नॉब पाव फेरी फिरेपर्यंत पेटतही नाहीत, म्हणून प्रत्येक बदलाची खूण पेनाने नॉबवरच करा. दर आठवड्याला निळा ५ टक्क्यांनी वाढवा. सॉफ्ट कोरलना बहुतेक वेळा निळा ५०-६० आणि पांढरा १५-२० वर थांबावं लागतं. निळा दिवसाला १० तास, पांढरा मधले ६ तास. दोघांना वेगळे टायमर. डबा बटणांवर चालणारा असेल तर वीज जाऊन आल्यावर सेटिंग टिकते का, हे पहिल्याच दिवशी प्लग काढून बघा. फिरत्या नॉबला हा प्रश्न येत नाही.

भरती_ओहोटी

आणि नॉबपेक्षा कोरलकडे बघा. प्रकाश कमी पडला की झोअँथसचे देठ लांबतात, तोंडं छत्र्यांसारखी वर उचलली जातात आणि मधे उघडा दगड दिसायला लागतो. पुरेसा असला की ती दगडाला चिकटून चटईसारखी पसरतात. मश्रूमच्या कडा आत वळून वाटी झाली तर प्रकाश जास्त आहे, त्याला खाली किंवा सावलीत न्या. तपकिरी होणं बहुधा कमी प्रकाशाचं किंवा नायट्रेट-फॉस्फेट वाढल्याचं लक्षण. तेव्हा कोरलच्या पेशींतलं एकपेशीय शैवाल संख्येने वाढलेलं असतं. फिकट पांढरं पडणं म्हणजे तेच शैवाल बाहेर पडतं आहे. तेव्हा लगेच निळा १० टक्क्यांनी उतरवा.

नायट्रेट शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. जोरदार प्रकाश आणि उपाशी पाणी ही जोडी कोरलला फार लवकर फिकट करते. तुमचे ८ पीपीएम छान आहेत.

नवीन कोरल कितीही सुंदर असला तरी पहिला आठवडा वाळूवर, मग हळूहळू वर.

तांब्याची_तार

दोन-तीन महिन्यांनी सगळे कोरल एकदम सुस्तावले तर नॉब वाढवण्याआधी लेन्स बघा. बुडबुडे फुटून उडालेल्या थेंबांचं मीठ लेन्सवर पांढरट पुटासारखं साचतं आणि प्रकाश तिथेच अडतो. प्लग काढून, लाईट थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. पुट साफ न करता नॉब वाढवलेला असेल आणि नंतर कधी लेन्स पुसली, तर कोरलवर अचानक दीडपट प्रकाश पडू शकतो. म्हणून पुसण्याच्या दिवशी नॉब आधी जुन्या खुणेवर आणा. पंख्याची जाळीही तेव्हाच ब्रशने झाडा. पंखा अडला की डबा तापतो आणि मधल्या ओळीतले एलईडी आधी जातात.