मदत हवी आहे: आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलायचा आहे, छाती उघडून की बाजूच्या छोट्या छेदातून?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी, दारव्ह्याकडच्या खेड्यातून लिहून राहिलो. आई ५२ वर्षांची, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, आता मायट्रल व्हॉल्व्ह पार खराब झाला म्हणतात. कापसाची एक ओळ वेचली की धाप लागते अन् रात्री दोन-तीन उशा लावून बसल्या बसल्याच झोपते. फुगा घालून व्हॉल्व्ह उघडायचं होणार नाही, कारण व्हॉल्व्हवर कॅल्शियम जमलं अन् लीकेज पण आहे. नागपूरले दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर म्हणते मधातून छाती उघडून करू, सरकारी आरोग्य योजनेत बसते. दुसऱ्या ठिकाणी म्हणे उजव्या बाजूनं बरगड्यांतून छोटा छेद, पेशंट लवकर घरी, पण लाख-दीड लाख वरून भरा लागतीन. व्रणाचं मले काही नाही बाप्पा, लुगड्याच्या आत कोण पाहते. मले हे पाहिजे की नंतर आईचं रोजचं जगणं कशानं बरं राहीन? ते एकच विचारते, वेचायले जाता येईन का. ज्यांच्या घरी झालं त्यांनी सांगा, तुर विकू का थांबू ते ठरवायचं आहे.

वणीकर:
आमच्या घरी मंडळींचं मधातूनच झालं. हाड तारेनं बांधतात, ते जुळायला दीड-दोन महिने, पुरती ताकद यायला तीन धरा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, खाटेवरून उठताना हाताचा जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून उठायचं. तेवढे दिवस हापशी बिलकुल मारू देऊ नका, भरलेली गुंडी पण नाही, अन् बायका ऐकत नाहीत हे आधीच सांगतो. आता सगळं करते, थंडीत छाती जराशी ओढते म्हणते, बस.

सिस्टर_वर्धा:
दादा, छेद लहान असला तरी आतलं काम तेच असतं. हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करते ती) लागतेच, फक्त नळ्या बहुतेक जांघेतून टाकतात, म्हणून पायाच्या रक्तवाहिन्या चांगल्या लागतात अन् मशीनवरचा वेळही जास्त जातो. हाड कापत नाहीत हा फायदा खराच, पण बरगड्यांमधलं दुखणं सुरुवातीला काही कमी नसतं. ब्रिटनमध्ये ३३० पेशंटवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, २०२३ मध्ये निकाल आला. छोट्या छेदवाले दवाखान्यातून थोडे लवकर सुटले, पण १२ आठवड्यांनी चालणं-फिरणं, कामाची ताकद दोन्हीकडं सारखीच. ते व्हॉल्व्ह रिपेअरचे पेशंट होते, तुमच्या आईचा बदलायचा आहे, एवढा फरक लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर कर्ज काढून छोटा छेद घेऊ नका, जो सर्जन जे ऑपरेशन रोज करतो ते त्याच्याकडून करून घ्या.

अन् खरा प्रश्न वेगळाच आहे, तो कोणी विचारत नाही. मेटलचा व्हॉल्व्ह बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, वरून पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं याची तपासणी, करत राहावं लागतं. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, विळा लागतो, मग रक्त लवकर थांबत नाही. मेडिकलवरून अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. मेथी-पालक बंद करू नका, पण रोज सारखंच प्रमाण ठेवा. टिश्यूचा व्हॉल्व्ह बसवला तर सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण तो काही वर्षांनी झिजतो अन् ५२ वय म्हणजे पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते. कोणता बसवणार हे आधी विचारा.

पऱ्हाटीवाला:
ताई, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं, आम्ही सगळे छेदातच अडकून पडलो होतो. तुर राहू देतो घरातच. सोमवारी जाऊन दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राले विचारतो की दोन्हीपैकी कोणता व्हॉल्व्ह योजनेत मिळते. अजून एक, आयएनआर यवतमाळात कुठं होते का दरवेळी नागपूर गाठा लागते, कोणाले माहीत असलं तर सांगा. अन् वेचाईचं आईले सध्या काय सांगू?

सिस्टर_वर्धा:
यंदाचा सीझन नाही म्हणून सांगा. पुढच्या वर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून ठरवा, अन् तेव्हाही गाठोडं डोक्यावर दुसऱ्यानं न्यायचं.