अनुभव धागा: पारावर बसायचं तर कोणाला विचारायचं?

सूत्रधार, जि. यवतमाळ

मंडळी, हा धागा निघाला एका सतरंजीवरून.

१९ मार्च १९८६ ला आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं जीव दिला. २०१७ पासून त्या तारखेला ठिकठिकाणी लोक दिवसभर अन्नत्याग करतात. यंदा आम्ही अकरा जण गावच्या पारावर बसलो. माईक नाही, मांडव नाही, घोषणा नाहीत. भजनी मंडळाकडून मागून आणलेली लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी, एक माठ, आणि पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं 'अन्नत्याग'. साडेदहाला ठाण्यातून शिपाई आला. "परवानगी हाये का?" कोणाची, विचारलं तर म्हणे ठाण्याची. ठाण्यात गेलो तर आधी ग्रामपंचायतीचं ना-हरकत आणा. ग्रामसेवक म्हणाले, पार रस्त्याच्या हद्दीत येतो, बांधकाम खात्याला विचारा. बांधकामचं ऑफिस तीस किलोमीटरवर, आणि साहेब साइटवर. मी हे हेलपाटे मारत होतो, तोवर बाकीचे दहा जण निवांत उपाशी बसलेले. संध्याकाळी पाचला नोटीस हातात पडली, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, गुन्हा होऊ नये म्हणून आधीच देतात ती (जुन्या कायद्यावरून जुन्या लोकांच्या तोंडी अजून '१४९ ची'), आणि शिपायानं सतरंजी गुंडाळून मोटारसायकलला बांधून नेली.

आता गंमत पाहा. त्याच पारावर, त्याच सतरंजीवर, त्यातलेच आठ-नऊ जण रोज संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसतात. माझ्या उभ्या जन्मात त्यांना कोणी कागद मागितल्याचं आठवत नाही.

तुमच्याकडे काय होतं ते लिहा. परवानगी हवीच असं वाटणाऱ्यांनीही लिहा, उलट त्यांनी आधी लिहा. अधिकाऱ्याचं, ठाण्याचं नाव नको. पक्षाचा प्रचार नको, त्यासाठी चौकातले बॅनर पुरेसे आहेत.

शिक्षिका, आर्वी तालुका

मी परवानगीच्या बाजूची. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सेवाग्रामला. मागच्या वर्षी पावसाळ्यात एका फाट्यावर रास्ता रोको लागला. मागणी खरी होती, पीकविम्याची. आमच्या घरचीही तीच. पण पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि गाडीत एक बाई जिचा चेहरा तासातासानं सुजत होता. मी उतरून पोरांना हात जोडले. त्यांनी खरंच बैलगाडी बाजूला घेतली, पण तोवर पावणेदोन तास गेले होते. आदल्या दिवशी कुठे अर्ज पडला असता, बातमी कळली असती, तर आम्ही दुसऱ्या रस्त्यानं गेलो असतो. मला एवढंच म्हणायचंय. कोणाला बसू देऊ नका असं नाही.

वकील, तालुका कोर्ट, जि. अमरावती

ताई, तुमचा मुद्दा आणि सूत्रधारांचा मुद्दा एका पिशवीत घालू नये. रस्ता अडवणं वेगळं, पारावर बसणं वेगळं. बेमुदत रस्ता अडवता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीनबागच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. २०२५ च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी नागपूरजवळ वर्धा रोड धरला, तेव्हा आपल्या नागपूर खंडपीठानंही रस्ता मोकळा करायला लावला.

पण 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमणं हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधला हक्क आहे. निर्बंध घालता येतात, ते वाजवी हवेत. १९७२ चा निकाल आहे, हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त. रस्त्यावरच्या सभेचं नियमन पोलिसांनी करावं, पण कोणत्या कारणानं नाही म्हणायचं याची चौकट न घालता सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. तो नियम १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालचा. तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावानं आपल्याला लागू आहे. (कायदा झाला तेव्हा आपण विदर्भवाले मुंबई राज्यात नव्हतोच, १९५६ ला आलो. पोरगी सासरी आली आणि सासरचे नियम मिळाले.)

व्यवहारात मात्र कोणी 'नाही' लिहून देतच नाही. पंचवीस वर्षांच्या वकिलीत मी सभेचा लेखी नकार दोनदा पाहिला. लेखी नकार असता तर त्याला आव्हान देता येतं. 'उद्या या'ला आव्हान कसं देणार?

निवृत्त जमादार, वर्धा जिल्हा

वकीलसाहेब बोलले ते बरोबर, पण खुर्चीच्या या बाजूचंही ऐका.

त्याच पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१)(३) चा आदेश म्हणजे काय ते गावात कोणाला माहीत नसतं. जिल्हादंडाधिकारी काढतात, एका वेळी पंधरा दिवसांचा. सण आहे, निवडणूक आहे, कुठे पुतळ्यावरून वाद आहे. पाच किंवा जास्त लोक जमायचे नाहीत, लग्न आणि अंत्ययात्रा सोडून. एक संपतो, दुसरा निघतो. माझ्या नोकरीत असे महिने गेले की फळ्यावरचा आदेश उतरलाच नाही, फक्त वरची तारीख पुसून नवी लिहिली. म्हणून शिपाई पारावर येतो. त्याला वाटतं अकरा माणसं म्हणजे गुन्हा. प्रार्थनेची अकरा त्याला अकरा वाटत नाहीत, कारण ती रोजची आहेत.

कागदाचा आम्हाला उपयोग होतो, खोटं कशाला सांगू. किती माणूस येणार कळलं की किती होमगार्ड मागायचे ते कळतं. पण कागदानं माणूस वाचतो असं नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला मी नागपूरला अधिवेशनाच्या बंदोबस्तात होतो, दुसऱ्या पॉइंटवर. गोवारी बांधव निवेदन घेऊन आले होते. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. रात्री आम्हाला तिकडे हलवलं. रस्त्यावर चपलांचा ढीग होता. लहान मुलांच्या चपला मोठ्यांच्या चपलांत अडकलेल्या. आता तिथल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. त्या रात्रीनंतर कोणताही अर्ज हातात आला की मी आकडा नंतर पाहायचो, आधी विचारायचो, की गर्दीला मागे जायला वाट कुठून आहे?

सूत्रधार, सतरंजी नेताना पंचनामा केला का? पावती दिली?

सूत्रधार

पावती नाही. जमादारसाहेब, पावती मागायची असते हेच माहीत नव्हतं.

बचत गटाची अध्यक्ष, जि. चंद्रपूर

मी दहावी नापास आहो, चुकलं तर समजून घ्या.

२०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायांचा पायी मोर्चा गेला होता, दारूबंदीसाठी. मी त्यात होती. पायाले फोड आले, गावागावात लोकायनं भाकरी देल्ल्या. तेव्हा परवानगी कोणी काढली, कशी काढली, आमाले काही माहीत नाही, पुढच्या ताईंनी पाहिलं. पोलीस बाजूनं चालत होते, एकानं तं माझ्या मैत्रिणीचं लेकरू कडेवर घेतलं.

पुढे २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली, २०२१ ला उठली. बंदीच्या काळात आमच्या गावात एक जण घरातून दारू विके. सगळ्याले माहीत. आम्ही सोळा जणी त्याच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेनं, बसलो. भजन म्हणत होतो. जीप आली. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही बेकायदेशीर जमाव हा. मी म्हटलं, साहेब, आत पाहा नं, बेकायदेशीर तिथं हाये. म्हणे ते वेगळं, त्याची तक्रार लेखी द्या. विकणाऱ्याले परवानगी लागत नव्हती अन् बसणाऱ्याले लागत होती!

तरी उठलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच कॅन हलवले. कुठं हलवले ते विचारू नका, शेजारच्या गावात.

नाट्य मंडळाचा सचिव, वडसा परिसर, जि. गडचिरोली

हा विषय आंदोलनाचाच कसा काय झाला जी? जमणं म्हटलं की तुम्हाला मोर्चाच आठवतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई म्हणजे जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. पाहुणे येतात, पोरीबाळींच्या सोयरिकी जुळतात. नाटक रात्री नऊ-दहाला उभं राहतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. नियम सांगतो माईक दहाला बंद. वर्षातले पंधरा दिवस सरकार बाराची सूट देऊ शकतं, पण आमचा तर बारा वाजता दुसरा अंक पण लागत नाही.

आता रांग ऐका. ग्रामपंचायतीचा दाखला. पोलीस ठाणं. विजेचं तात्पुरतं मीटर. जागा ई-क्लास, म्हणजे सरकारी, असेल तर तहसील. पट असेल तर जिल्हाधिकारी. २०१४ ला पट बंद झाला होता, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ ला कायद्याला मान्यता दिली तेव्हा कुठे जिवात जीव आला. हे सगळं एकाच मोठ्या खोकीत ठेवतो. खोकीवर लिहिलंय 'पडदे', कारण आधी त्यात पडदे होते.

एका वर्षी परवानगी नाटकाच्या दिवशी दुपारी चारला मिळाली. तोवर कंपनीची गाडी आलेली, हार्मोनियम उतरलेली, तिकिटं विकलेली. नसती मिळाली तर? मंडळातल्या सहा जणांनी धान विकून ॲडव्हान्स दिला होता. अधिकारी वाईट नव्हता, पहिल्या रांगेत बसून पहाटेपर्यंत नाटक पाहून गेला. आणि माईक? त्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही.

तरुण, जि. अकोला

मी १४ एप्रिलबद्दल लिहितो.

आमच्या गावात मिरवणुकीला परवानगी मिळते, दरवर्षी. अटींची यादीही मिळते. त्यात एक अट कायम: 'पारंपरिक मार्गानेच जावे.' आमचा पारंपरिक मार्ग म्हणजे वॉर्डातून निघून शाळेला वळसा घालून परत वॉर्डात. मेन रोडनं, बँकेसमोरून, मारुतीच्या देवळापुढून जाऊ द्या असा अर्ज आम्ही सहा वर्षं करतो. उत्तर, त्या मार्गानं पूर्वी मिरवणूक गेलेली नाही. मग पूर्वी कशी जाईल? आजोबांच्या काळात त्या रस्त्यानं जायचीच हिंमत नव्हती, म्हणून ती परंपरा नाही, आणि परंपरा नाही म्हणून आज परवानगी नाही.

इतर मिरवणुका त्या रस्त्यानं जातात. जावोत. आमचाही त्यात ढोल असतो.

शिक्षिका ताईंना विचारतो, अर्ज हा फक्त बातमी कळावी म्हणून असेल तर मी रोज अर्ज करीन. पण आमच्याकडून अर्ज घेतात तो बातमीसाठी नाही.

शिक्षिका, आर्वी तालुका

हे मला माहीत नव्हतं. मी 'आधी कळवावं' म्हणत होते आणि शब्द 'परवानगी' वापरला. दोन्हीत एवढं अंतर असेल असं वाटलं नव्हतं.

ग्रामसेवक, (जिल्हा लिहीत नाही)

शिव्या खायला आलोय. पारावरच्या लोकांना बांधकामकडे पाठवणारा ग्रामसेवक मी नाही, पण मीही तेच केलं असतं.

गावठाणातली मोकळी जागा ग्रामपंचायतीची. ई-क्लास सरकारची. रस्ता कधी बांधकामचा, कधी जिल्हा परिषदेचा. स्टँडपुढची जागा एसटीची. पार कोणाचा? पाराला सातबारा नाही. मी ना-हरकत दिलं आणि उद्या भांडण झालं तर पहिला प्रश्न मला: तू कोणत्या अधिकारात दिलं? नाही दिलं तर मला कोणी काही विचारत नाही. सांगा, माझ्याकडे चार गावांचा चार्ज आहे, मी काय करू?

एक मात्र करतो. कोणी अर्ज आणला की आवकचा शिक्का मारून प्रत परत देतो. उत्तर देत नाही, पण शिक्का देतो. त्या शिक्क्यावर लोक बसतात असं ऐकलंय.

ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

आमच्या भागात मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्यानं त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आम्ही जंगलात सभेला बसतो, तेंदूचा भाव ठरवतो, कोणाला विचारत नाही. तेच आम्ही वीस जण तालुक्याला निवेदन द्यायला आलो की चौकात थांबवतात: फक्त पाच जणांनी आत यावं.

पाच कोण ते ठरवायला आम्हाला तिथंच रस्त्यावर सभा घ्यावी लागते.

वकील, तालुका कोर्ट, जि. अमरावती

हे मी युक्तिवादात वापरणार आहे, राग मानू नका.

निवृत्त जमादार, वर्धा जिल्हा

सूत्रधार, पावती नाही म्हणजे सतरंजी मुद्देमालात जमा नाही. मुद्देमालाच्या खोलीत शोधत बसू नका. ठाण्याच्या मागे शिपायांची विश्रांतीची खोली असते, तिथं पाहा. मागायला एकटे जाऊ नका आणि पाच जणही जाऊ नका. चार जा. भजनी मंडळाचा म्हातारा माणूस पुढे ठेवा.

सूत्रधार

गेलो होतो, चार जण. काकाजींना पुढे घातलं, टोपीबिपी घालून. सतरंजी खरंच मागच्या खोलीत होती, खाटेवर, वर कोणीतरी झोपलेलं. काकाजी म्हणाले, "झोपू द्या बापा, रात्रपाळीचा असंन." आम्ही पाऊण तास व्हरांड्यात बसून राहिलो. परवानगी कोणी विचारली नाही. उठल्यावर त्या पोरानं स्वतः झटकून घडी करून दिली. एका कोपऱ्याला चहाचा डाग पडलाय, तो काही निघत नाही.

पुढच्या १९ मार्चसाठी अर्ज आत्ताच टाकलाय, तीन ऑफिसांत. वर 'परवानगी मिळावी' न लिहिता 'माहितीस्तव' लिहिलं. दोन ठिकाणी शिक्का मिळाला. तिसऱ्या ठिकाणी बाबूनं वाचलं, मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "माहितीस्तवचं रजिस्टर वेगळं असते. ते आता संपलं हाये."