उरचा गाळ आणि नोहाचा पूर

दक्षिण इराकमधल्या उर या प्राचीन शहरात १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना सापडलेला गाळाचा जाड थर म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा, असं म्हटलं जातं; ते टिकत नाही. तो थर उबैद काळातला, म्हणजे सुमेरी शहरांच्या आधीच्या संस्कृतीच्या काळातला. शुरुप्पक या दुसऱ्या प्राचीन शहरातला पुराचा थर साधारण इ.स.पू. २९०० चा, म्हणजे कित्येक शतकं नंतरचा. शिवाय उरपासून जेमतेम २० किलोमीटरवरच्या एरिदू या शहरात तसा थरच नाही. हे नद्यांचे वेगवेगळ्या काळातले स्थानिक पूर आहेत.

यानं श्रद्धेला धक्का बसतो असं मला मुळीच वाटत नाही; बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातला इंद्रधनुष्याचा करार, म्हणजे पुन्हा असा प्रलय आणणार नाही हे देवाचं वचन, गाळावर उभा नाही. पण जगबुडी भौतिक घटना म्हणून मांडायची तर पाण्याचा हिशेब द्यावा लागेल: वातावरणातली सगळी वाफ एकदम कोसळली तरी पृथ्वीभर सरासरी अडीच सेंटिमीटर पाणी साचेल, आणि नोहाचं तारू जिथे टेकलं असं मानतात तो अरारात पर्वत ५१३७ मीटर उंच आहे.