शब्दचर्चा: प्रोपेलरचा ‘पिच’ म्हणजे अंतर की कोन?

प्रश्न: हलक्या विमानाच्या देखभालीच्या सूचना मराठीत लिहितोय. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, प्रोपेलर तीन पात्यांचा, विमान जमिनीवर असताना पिच बदलता येणारा. ‘पिच’ला काय लिहू? स्वराची पट्टी, खेळपट्टी, डांबर, यातलं काहीच कामाचं नाही. ‘फाइन’ आणि ‘कोर्स’ला सूक्ष्म-स्थूल चालेल का?

उत्तर: सूक्ष्म-स्थूल नको. हा पिच स्क्रूचा आहे. वर्कशॉपमध्ये बारीक आट्याचा बोल्ट, जाड आट्याचा बोल्ट म्हणतात, तेच शब्द घ्या. बोल्ट एका फेऱ्यात जेवढा आत जातो तो त्याचा पिच; प्रोपेलर न घसरता हवेत एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता तो प्रोपेलरचा. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या काही मॉडेलांत मॅकॉली कंपनीच्या प्रोपेलरवर ७५५३ असा आकडा असतो: व्यास ७५ इंच, पिच ५३ इंच. प्रत्यक्षात हवा घसरू देते, म्हणून विमान त्याहून कमी सरकतं.

प्रतिसाद: अर्थ पटला, पण सूचनेत एवढ्यावर भागणार नाही. पिच बसवणारा माणूस अंतर मोजतच नाही, तो कोन मोजतो. वरचाच प्रोपेलर घ्या: मध्यापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या ७५ टक्क्यांवर मोजलं, तर ५३ इंच म्हणजे साधारण १७ अंश. पातं मुळाशी जास्त तिरकं आणि टोकाकडे कमी, त्यामुळे ‘कोन इतका ठेवा’ म्हणताना कुठे मोजायचा तेही लिहावंच लागतं.

काम असं चालतं. इग्निशन बंद. पातं आडवं आणायचं, हबचे (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाचे) बोल्ट जरा सैल करायचे, निर्मात्याने सांगितलेल्या खुणेवर डिजिटल कोनमापक धरायचा, पातं मुळाशी फिरवायचं. तिन्ही पात्यांचा कोन एकच हवा, नाहीतर विमान थरथरतं. टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळताना पातं किंचित फिरतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ही शेवटची पायरी मराठीत ठळक लिहा, लोक तीच गाळतात.

मूळ प्रश्नकर्ता: मग ‘आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जास्त जात असतील तर पिच वाढवा’ हे वाक्य ठेवू ना?

प्रतिसाद: नको, हे वाक्य मला खरंच धोक्याचं वाटतं. विमानात नाक वर-खाली होण्यालाही पिचच म्हणतात. वैमानिकाने वाचलं तर ‘पिच वाढवा’ म्हणजे नाक वर करा. शिवाय वाढवला तर आरपीएम वाढतात की घटतात, यावर नवीन मुलं हमखास अडखळतात. कोन वाढला की पातं जास्त हवा ढकलतं, इंजिनावर भार येतो, आरपीएम उतरतात. तुमच्या रोटॅक्स इंजिनाची मर्यादा ५८०० आरपीएम, तीही ५ मिनिटंच. सलग चालवायला ५५००. बारीक पिचवर सपाट उड्डाणात आरपीएम ही मर्यादा ओलांडतात. जाड पिचवर उलट, पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन दबलेलं राहतं, आणि तेही इंजिनाला तितकंच वाईट.

मी असं लिहीन: ‘आरपीएम मर्यादेबाहेर जात असतील तर तिन्ही पात्यांचा कोन सारखाच, थोडा थोडा वाढवा (जाड पिच), आरपीएम उतरतील.’

प्रतिसाद: लिंगाचंही ठरवून टाका. क्रिकेटमुळे ‘पिच कोरडी’ कानात बसलंय, पण आमच्याकडे फिटर ‘पिच वाढवला’ असंच म्हणतात, बहुधा आट्यावरून. पुल्लिंगी ठेवा.